पेठांमधलं कोल्हापूर: उतरण्यापासून खोली मिळेपर्यंत

मी मूळची बार्शीची. जून २०१२ मध्ये नोकरीसाठी कोल्हापूरला आले ती इथलीच झाले. मुलीच्या कॉलेजसाठी खोली बघायला आलेल्या, सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कितीतरी नातेवाइकांना मी फोनवरून तेच ते सांगत आले आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत भरायला लागलं. तेव्हापासून सातारा, सोलापूर, सिंधुदुर्गाकडचे ओळखीचे लोकही विचारतात: उतरू कुठं, राहू कुठं, गाडी लावू कुठं? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

पूर्वेला रेल्वे स्टेशन, पश्चिमेला रंकाळा, वायव्येला पंचगंगेचा घाट आणि दक्षिणेला मंगळवार पेठ, एवढ्यातलंच कोल्हापूर मी इथं धरलं आहे. विद्यापीठ, सायबर चौक, फुलेवाडी, कसबा बावडा यांचे प्रश्न निराळे आहेत. पेठांचं कोल्हापूर पायी चालणाऱ्याचं गाव आहे. स्टेशनपासून महाद्वारापर्यंतचं, म्हणजे अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिम दारापर्यंतचं अंतर अडीच-तीन किलोमीटर. एकदा आत येऊन टेकलात की वाहन बाजूला ठेवा आणि चौकांची नावं पाठ करा. बाकीचं त्याच्या मागून येतं.

आधी तिकीट काढताना ठरवा: उतरायचं कुठं

रेल्वेनं येत असाल तर चिंता नाही. मिरजेहून आलेला फाटा इथंच संपतो, त्यामुळे झोप लागली तरी पुढं जायची भीती नाही. स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी आणून सोडते, दिवसाची कोयना रात्रीच्या सुमाराला. पुण्याहून सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आहे, पण ती आठवड्यातले तीनच दिवस धावते, म्हणून वार बघून तिकीट काढा.

एसटीनं आलात तर मध्यवर्ती बसस्थानकावर उतराल. इथं त्याला सगळे सीबीएस म्हणतात. स्टेशन आणि सीबीएस यांच्यात चालत दहा मिनिटांचंही अंतर नाही, त्यामुळे दोन्हीकडून पुढचा रस्ता एकच. गगनबावड्याकडून येणाऱ्या गाड्या रंकाळा स्टँडवर, राधानगरी-गारगोटीकडच्या संभाजीनगर स्टँडवर थांबतात. तळकोकणातून येणाऱ्यांचा मुक्काम महाद्वाराच्या बाजूला असेल तर रंकाळा स्टँडलाच उतरावं. तिथून देवळाकडं चालत जाता येतं. उगीच सीबीएसपर्यंत जाऊन परत मागं यायला नको.

खाजगी बसनं येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की करून घ्यायची. पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या बाहेरून जातो, आणि बंगळूरकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या गावात येतच नाहीत. त्या तावडे हॉटेलला उतरवतात. हे नाव हॉटेलचं असलं तरी आता ते चौकाचंच झालं आहे, आणि तो चौक सीबीएसपासून साडेतीन-चार किलोमीटर लांब. मला पहिल्या खेपेला एका बसनं पहाटे चार वाजता तिथं उतरवलं. हातात दोन बॅगा, वर पावसाची झड, आणि 'कोल्हापूर आलं' एवढंच ऐकून मी खाली उतरलेली. एका दूधवाल्या काकांनी टेम्पो थांबवून विचारलं, "ताई, कुठं जायचंय म्हणायचं?" आणि सीबीएसपर्यंत सोडलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून तिकीट काढतानाच विचारा: गाडी गावात येणार का, की तावडे हॉटेललाच सोडणार? बाहेरच सोडणार असेल आणि उजाडायच्या आत पोचणार असेल, तर एसटी किंवा रेल्वे पकडलेली बरी. उजेडी उतरलात तर तिथून आत यायला रिक्षा मिळतात.

विमानतळ उजळाईवाडीला, गावापासून नऊएक किलोमीटर. तिथून गाडी ठरवूनच यावं लागतं.

मग डोक्यात एक रेघ ओढा

नकाशा हातात असतोच, पण ही रेघ डोक्यात असली तर चुकायला होत नाही. स्टेशन, दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, भवानी मंडप. या क्रमानं चालत गेलं की शेवटी तुम्ही अंबाबाईच्या देवळापाशी येता.

व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौक यांच्यामध्ये जयंती नाला लागतो. तो लक्षात ठेवा, खोली बघताना त्याची आठवण पुन्हा काढायची आहे. दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. इथून एक वाट सीपीआर, टाऊन हॉलची बाग आणि पुढं भाऊसिंगजी रोडनं शिवाजी चौकाकडं जाते. कोर्टाचं काम असणाऱ्यांनी हीच वाट धरायची. दुसरी वाट आईसाहेब महाराजांच्या पुतळ्यावरून बिंदू चौकात येते. बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा बुरूज दिसतो, आणि महात्मा फुले व बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० ला ते बसवले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. तिथं क्षणभर थांबावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

बिंदू चौकातून पाच-सात मिनिटांत भवानी मंडप. भवानी मंडपाला खेटून देऊळ. देवळाच्या पश्चिम दाराबाहेरचा रस्ता तो महाद्वार रोड: एका टोकाला पापाची तिकटी, दुसऱ्या टोकाला बिनखांबी गणेश मंदिर. देवी पश्चिमाभिमुख आहे. कुठल्या दारातून बाहेर पडलो हे कळेनासं झालं तर देवीच्या समोरचं दार ते महाद्वार, एवढं धरून दिशा लावा. देवळाला चारी बाजूंना दारं आहेत आणि एका दारात काढलेल्या चपला दुसऱ्या दारातून बाहेर पडल्यावर शोधत हिंडणारी माणसं मी रोज बघते.

पत्ता विचारायची इथली पद्धत

रस्त्याचं नाव सांगून पत्ता विचारलात तर समोरचा गोंधळेल. इथं पत्ता चौकावरून, तिकटीवरून, वेशीवरून, तालमीवरून सांगतात. तिकटी म्हणजे जिथं तीन रस्ते मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. वेस म्हणजे जुन्या गावाची दारं होती ती ठिकाणं: रंकाळा वेस, गंगावेश. दारं गेली, नावं राहिली. एकाच मालाची दुकानं ओळीनं असतील तर ती लाईन, जशी शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन. बंद पडलेल्या टॉकीजची नावंही अजून चालतात.

तालीम हा सगळ्यात नेमका पत्ता. प्रत्येक पेठेत, बऱ्याचदा प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे एक तालीम किंवा तरुण मंडळ असतं आणि त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी माणसं बसलेली असतात. 'अमुक तालमीजवळ' एवढं सांगितलंत की घराच्या दारापर्यंत आणून सोडतील. खोली घेतल्यावर पहिल्याच दिवशी आपली जवळची तालीम कोणती ते विचारून घ्या. कुरिअरवाल्याला, रिक्षाला, डबेवाल्याला तेच सांगायचं आहे.

बोलणं रांगडं वाटेल. "कुठलं गाव म्हणायचं?" हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येणारच. त्यात खोचकपणा नसतो, ओळख काढायची ती रीत आहे. गावाचं नाव सांगा, त्या गावाकडचा त्यांचा कुणीतरी पाहुणा निघतोच. 'भावा' ही हाक अनोळखी तरुणालाही चालते. वयस्क रिक्षावाल्याला मामा म्हणा, दुकानातल्या बाईंना मावशी किंवा काकू. पत्ता विचारला की उत्तर येतं, "हितंच हाय की, चालत जावा." हे 'हितंच' कधी दोनशे पावलांवर असतं, कधी पाऊण किलोमीटरवर. सामान जड असेल तर 'किती चौक पुढं?' असा पुढचा प्रश्न विचारा.

फिरायचं कशानं

पायी. हे मी आग्रहानं सांगते, कारण महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, जोतिबा रोड, कपिलतीर्थ मार्केट या भागात चालणाऱ्याला जे अंतर पाच मिनिटांचं, ते रिक्षाला वळसा घालून पंधरा मिनिटांचं पडतं. एकेरी रस्ते, बोळ, आणि गर्दीच्या दिवशी लागणारे अडथळे.

सामान घेऊन आलात तर स्टेशनवरून रिक्षा करा. बसायच्या आधी 'मीटरनं जाऊया' म्हणा, किंवा आकडा ठरवून घ्या. दोन्हींपैकी एक व्हायलाच हवं. रात्री उशिरा आणि पहाटे दर वाढीव असतो, तो आधी विचारला की वाद होत नाही. देवळाकडं जायचं असेल तर रिक्षा नेमकी कुठं सोडणार तेही विचारा. बिंदू चौकात सोडली तर पुढं चालायचं आहे हे धरून चला.

केएमटी म्हणजे महापालिकेची बस. पेठांच्या आत तिचा फारसा उपयोग नाही, पण उपनगरांत जायला हीच स्वस्त. शिवाजी चौक, महापालिका, सीबीएस या भागातून बहुतेक मार्ग जातात. पाटीवर 'गंगावेश' किंवा 'श्री शाहू मैदान' दिसलं की ती पेठांकडं येणारी समजा. रोज विद्यापीठाकडं जाणार असाल तर पहिल्याच आठवड्यात पास काढा.

आसपासच्या गावांना वडाप चालतं. जीप किंवा सहा आसनी, भरली की निघते. घाईत असाल, एकट्या बाईमाणसाला अंधार पडल्यावर जायचं असेल, तर वडापपेक्षा एसटी बरी. पन्हाळा आणि जोतिबाला सीबीएसवरून एसटी आहे.

स्वतःची गाडी आणली असेल तर

चारचाकी घेऊन महाद्वार रोडला जायचा प्रयत्न करू नका. बिंदू चौकात वाहनतळ आहे. तो भरला असेल तर दसरा चौकाच्या मैदानात जागा बघा. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांना सकाळी नऊच्या आत गाडी लागली पाहिजे, नंतर आलात तर अर्धा तास फिरण्यात जातो. राहायची जागा ठरवताना 'पार्किंग आहे का' एवढंच विचारू नका, 'चारचाकी दारापर्यंत येते का' हे विचारा. जुन्या पेठांत लॉजला पार्किंग असतं, पण ते दोन गल्ल्या पलीकडं.

पावसाळ्यात आणखी एक. स्टेशनजवळ परीख पुलाखालून राजारामपुरीकडं जाणारी वाट आहे. मोठा पाऊस झाला की तिथं पाणी साठतं. दुचाकी त्यात घालू नका.

दोन-चार रात्रींसाठी राहायचं असेल तर

कामावरून भाग निवडा.

पहाटेची गाडी पकडायची आहे, किंवा एकाच रात्रीचा मुक्काम आहे, तर स्टेशन रोड आणि शाहूपुरी. लॉज भरपूर, सगळ्या दरांचे, खाली चहा-नाश्ता मिळतो. आवाज मात्र असतो. रस्त्याच्या बाजूची खोली नको, मागची द्या म्हणावं.

देवदर्शनासाठी आला असाल, सोबत म्हातारी माणसं असतील, तर देवळाच्या जवळच राहा. ताराबाई रोड, महाद्वार रोडच्या आजूबाजूला धर्मशाळा, यात्री निवास आणि घरगुती राहण्याच्या सोयी आहेत. घरगुती सोय म्हणजे लोकांनी आपल्याच घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात. आमची बार्शीची मंडळी अशाच एका घरी उतरतात आणि निघताना काकूंच्या हातची चटणी बांधून नेतात. इथं दोन गोष्टी आधी बघा: जिना किती उभा आहे, आणि संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर. जुन्या घरांतले लाकडी जिने फार उभे असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरची खोली देऊन पस्तावलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

सीपीआरमध्ये पेशंट असेल किंवा कोर्टात तारीख असेल, तर दसरा चौक, लक्ष्मीपुरी, भाऊसिंगजी रोड या पट्ट्यात राहिलात की चालत जाता येतं. दवाखान्यासाठी आलेल्यांनी पहिल्या रात्रीपुरतीच खोली घ्यावी आणि मुक्काम किती दिवसांचा ते डॉक्टरांकडून कळल्यावर पुढचं ठरवावं. आगाऊ भरलेले पैसे परत मिळवण्यात आजारी माणसाच्या घरच्यांचा जीव दमतो.

दसरा चौकाबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. बाहेरगावच्या मुलानं या गावात येऊन राहावं आणि शिकावं ही गोष्ट इथं शंभर वर्षांहून जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. इथं वसतिगृहाला बोर्डिंगच म्हणतात. त्यांतली काही दसरा चौकाच्या आसपासच आहेत. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून त्याचं शिक्षण थांबू नये, हा त्यामागचा विचार. तुमचं मूल कॉलेजला येत असेल तर खाजगी खोली शोधायच्या आधी बोर्डिंगांमध्ये आणि कॉलेजच्या वसतिगृहात चौकशी करा. प्रवेशाच्या दिवसांतच जागा भरतात, त्यामुळे कॉलेजचा प्रवेश पक्का व्हायची वाट न बघता जूनच्या सुरुवातीलाच जाऊन या.

महिनोन्महिने राहायचं असेल तर: खोली कशी बघावी

सगळ्यात जास्त काळजी इथं घ्यायची.

खोली शोधायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे हवी ती पेठ निवडून संध्याकाळी पाचनंतर पायी हिंडायचं. किराणा दुकान, खानावळ, तालमीचा कट्टा, या तीन ठिकाणी विचारायचं. 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दारांवर दिसतातच, पण बऱ्याच खोल्या पाटी न लावताच दिल्या जातात. एजंटमार्फत गेलात तर दलाली किती ते आधीच ठरवा.

खोली आवडली की घरमालकांना पहिला प्रश्न विचारायचा: "काका, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?"

मी हा प्रश्न विचारला नव्हता. जयंती नाल्यापासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत तळमजल्याची खोली मला छान वाटली होती. घरमालकांनी आपणहून काही सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका रात्रीत पाणी पायरीला लागलं आणि सकाळी गुडघाभर झालं. माझी कपाटभर पुस्तकं गेली, शिलाई मशीन गेलं, गादी तर उचलताही आली नाही. शेजारच्या पोरांनी मला आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना बाहेर काढलं. ती पोरं तालमीचीच होती.

पंचगंगेच्या पाण्याची उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, तुम्हीही करा. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि जुलै २०२१ ला पुन्हा तसंच. नदी फुगली की तिचं पाणी नाल्यातून मागं सरकतं, म्हणून नदीपासून लांब असलेल्या व्हीनस कॉर्नरलाही पूर येतो. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, सिद्धार्थनगर, जामदार क्लबचा भाग, पंचगंगेच्या बाजूची शुक्रवार पेठ, लक्ष्मीपुरीचा काही भाग, इथं तळमजला घेताना दहादा विचार करा. देवळाचा परिसर, बिंदू चौक, मंगळवार पेठ, राजारामपुरी हे उंचवट्यावर.

घरमालक सांगोत न सांगोत, भिंत सांगते. पुराची रेघ रंगाखालूनही पुष्कळदा दिसते, प्लास्टर एका ठरावीक उंचीपर्यंतच फुगलेलं असतं. शेजारच्या दुकानदारालाही विचारा, तो हात वर करून नेमकं दाखवेल. पाणी येणाऱ्या भागात राहायचंच झालं तर पहिला-दुसरा मजला घ्या, आणि जून ते सप्टेंबर कागदपत्रं एका पिशवीत तयार ठेवा.

पाणी न येणाऱ्या भागातल्यांनाही महापुराची झळ लागते, ती नळातून. २०१९ ला आणि २०२१ ला नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली तेव्हा गावाचा पाणीपुरवठाच थांबला होता. दोन्ही पुरांत टँकरसमोर रांगा लागल्या होत्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्याकडची वाटही बंद होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पिण्याचं पाणी भरून ठेवा, आणि गावी जायचं असेल तर लगेच निघा.

बाकीचे प्रश्न भराभर सांगते. नळाला पाणी किती वाजता येतं आणि वरच्या मजल्यावर चढतं का. वीजबिल महावितरणचं थेट येणार की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटला किती. दारात दुचाकी लावता येते का. रात्री किती वाजता फाटक बंद होतं. पाहुणे आलेले चालतात का. मुलींनी फाटकाचं आणि पाहुण्यांचं आधीच स्पष्ट बोलून घ्यावं, नंतर त्यावरून मनं कलुषित होतात.

करार कराच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. जुन्या पेठांत अजून 'कशाला कागद, घरच्यासारखंच आहे' असं प्रेमानं म्हणतात. प्रेम खरं असतं, तरीही कागद करा. डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवसांत परत, हे त्यात लिहिलेलं असावं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यासाठी आधार कार्डाच्या प्रती आणि फोटो जवळ ठेवा.

पोटाचं

सकाळी मिसळ. इथं ती पावाच्या स्लाइसबरोबर मिळते, आणि रश्श्याला कट म्हणतात. तिखटाची सवय नसेल तर 'कट वेगळा द्या' म्हणा, वाटीत बाजूला देतात. दुपारी किंवा रात्री मटणाचं ताट, त्यात पांढरा आणि तांबडा रस्सा. पांढरा आधी प्या, गरम असतानाच. संध्याकाळी खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात, तिथं एकदा तरी जाच.

महिनाभर राहणाऱ्यांनी मेस लावताना पैसे भरण्याआधी दोन दिवस सुटं जेवून बघावं. रविवारी रात्री मेस बंद असते का, तेही विचारून ठेवा.

कोणते दिवस जपून

मंगळवार, शुक्रवार देवीचे वार, शनिवार-रविवार बाहेरगावची गर्दी. शांत दर्शन हवं असेल तर सोमवारी किंवा बुधवारी पहाटे जा. नवरात्रात दहा दिवस पेठांमध्ये चारचाकीचा विचारच करू नका. त्या काळात येणार असाल तर खोली महिनाभर आधी धरा. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायचा सोहळा असतो, दुपारनंतर तिकडचे रस्ते बंद होतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हा सीबीएस आणि पंचगंगा घाट भाविकांनी भरून जातो. गणपती विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडवर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या रात्री तिथल्या लॉजमध्ये झोप मिळायची नाही. किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येत देवीपर्यंत पोचतं. तेव्हा गर्दी संध्याकाळचीच असते, सकाळी देऊळ नेहमीसारखं.

आणि फुटबॉल. पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की त्या दिवशी दुपारी मंगळवार पेठेच्या बाजूनं जाणारा रस्ता टाळा, किंवा तिकीट काढून आत जाऊन बसा. नव्या माणसाला आपली पेठ कळायला मॅचसारखा दुसरा दिवस नाही.

परतीची तयारी

पहाटेच्या गाडीसाठी रिक्षा रात्रीच सांगून ठेवा. गल्लीच्या थांब्यावरच्या एखाद्या मामांचा नंबर घेतला की झालं, ते दारात येऊन हॉर्न वाजवतात. पुण्या-मुंबईच्या परतीच्या एसटीचं आरक्षण रविवार संध्याकाळसाठी असेल तर आठवडा आधी करा. खाजगी बस असेल तर ती सीबीएसजवळून उचलणार की तावडे हॉटेलवरून, हे निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून विचारा. गूळ आणि चप्पल घ्यायची असेल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. चप्पल घरी नेण्याआधी दोन दिवस इथंच घालून बघा. चावली तर चप्पल लाईनीतला कारागीर तेल लावून, ठोकून सैल करून देतो.